ठिणगी मागे घेतली आहे

आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण जमलो ते, शर्यतीची इंजिनं जुळवून देणारे आमचे ट्यूनरकाका, आणि समोर बसलेले चालक, मेकॅनिक व त्यांच्या घरची माणसं, सर्वांना नमस्कार.

काकांबद्दल चार शब्द बोल, असं मला सांगितलंय. आवाज कापतोय, दोष माईकचा नाही. आजपासून वर्कशॉपमधली इंजिनं माझ्या हाती आली, आणि उद्या माझा दादा डोंगरचढीच्या शर्यतीत उतरतोय. भीती वाटणार नाही तर काय?

पाहुण्यांसाठी थोडं सांगते. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल म्हणजे जास्त ताकदीचं, असा सर्रास समज आहे. तसं नाही. ते दाब सोसतं, ठिणगीआधी आपणहून पेटत नाही, एवढंच. म्हणून ठिणगी जरा लवकर पाडता येते आणि गाडी पळते. पण तशा इंजिनात हलकं, म्हणजे कमी ऑक्टेनचं पेट्रोल गेलं, की ते अवेळी भडकतं, आतून खडखड येते आणि शेवटी पिस्टनला भोक पडतं. तेही नेमकं चढावर.

गेल्या मोसमात पेट्रोलच्या कॅनची अदलाबदल झाली. दादाची गाडी वर येत होती, आम्ही टाळ्या वाजवत होतो, आणि ती खडखड ऐकून काका एकटे हात पसरून रस्त्यात धावले! "बंद कर, बंद कर!" दादा केवढा उखडला होता. मग इंजिन उघडलं, आणि वितळू लागलेला पिस्टन पाहून तो मटकन खालीच बसला.

मग असा माणूस निवृत्त का होतोय? काल दादाचं इंजिन चाचणीला लावलं होतं. मला खडखड ऐकू आली. काका म्हणाले, "झकास चाललंय." मी बघतच राहिले. त्यांचा चेहरा उतरला.

"वाजतंय का गं?"

मी मान हलवली.

"म्हणूनच थांबतोय मी. हल्ली बारीक आवाज येत नाहीत. इंजिन वाजतंय हे समारंभात सगळ्यांसमोर सांग. घरात सांगशील तर तुझा दादा उडवून लावेल."

तर दादा, मागच्या रांगेत लपू नकोस, ऐक. या खेपेचं पेट्रोल हलकं निघालंय, आणि उद्यापर्यंत दुसरं मिळत नाही. सकाळी मी ठिणगी मागे घेतली आहे, म्हणजे ती जरा उशिरा पडेल. गाडी मंदावेल, पहिला नंबर जाईल. वहिनीला चालतंय, ती बघ मान डोलावतेय. पुरेशी मागे घेतली की नाही, याची खात्री मात्र मला अजून नाही.

काकांचे आणि आयोजकांचे मनापासून आभार. बोलण्यात काही चुकलं असेल तर सर्वांनी पोटात घालावं. आणि इंजिनात चुकलं असेल, तर दादा, मला शिव्या द्यायला तरी धड घरी ये.