वहिनीचं पिंप

होडीला लावायचं मशीन दिघीत पहिल्यांदा आणलं ते आमच्या थोरल्या दादाने, पण आणलं ऐन पावसाळ्यात. नारळी पुनवेला नारळ दिल्याशिवाय ते दर्यात उतरवायचं नव्हतं, आणि चालवून बघायची तर घाई. विकणाऱ्याने बजावलं होतं, जमिनीवर चालवाल तर खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवा, तिथूनच मशीन गार राहायला पाणी ओढतं.

घरात पिंप एकच. त्यात वहिनीने पावसाळ्यासाठी मासे खारवून ठेवलेले.

"रिकामं करून दे," दादा म्हणाला.

"त्याचं पाय बुडवाया माझं मासं काढू? तापतंय डोकं ना, मग डोक्यावर घाला पाणी."

दादालाही ते पटलं. त्याने मशीन सुरू केलं आणि वहिनी स्वतः तांब्याने वरून पाणी घालत राहिली, पिंडीवर घालावं तसं. जरा वेळाने आत कर्रर्र झालं आणि मशीन जे अडकलं ते कायमचं.

पुनवेला दादा वल्ही घेऊन निघाला.

वहिनीने मात्र मशीन अडकल्याच्या दुसऱ्याच दिवशी मासे टोपलीत काढून, पिंप घासून अंगणात ठेवलं होतं. उरलेला सगळा पावसाळा ते काठोकाठ भरून वाहत होतं. तिने त्यातून एक तांब्या पाणी घेतलं नाही.