अट क्रमांक चार

जबाब देणाऱ्याचे नाव: ओळखपत्रावर आहे ते, सगळे 'काटा' म्हणतात. वय: ४९ वर्षे. धंदा: घड्याळ दुरुस्ती. राहणार: बस थांब्यासमोर, जिन्याखालचे दुकान व त्यावरची खोली.

मी आज आपण होऊन पोलीस ठाण्यात आलो आहे आणि समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

मयत हे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना दाजी म्हणत असे. वय ६३, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त. त्यांच्याकडे रग्बीच्या रेफरीचे प्रमाणपत्र होते आणि सामने एकत्र बघणाऱ्या आमच्या मंडळात नियमांचे पुस्तक पूर्ण वाचलेला तो एकच माणूस होता. बाकीच्यांनी नियम टीव्हीवर ऐकलेले आहेत. मीही त्यातलाच.

परवा रविवारी दुपारी कारखान्यामागच्या मैदानावर सामना चालू असताना दाजी पडले आणि त्याच संध्याकाळी रुग्णालयात वारले. ते किती वाजता पडले आणि मदत किती वाजता बोलावली, एवढेच आपण विचारत आहात. मैदानावर आम्ही बावीस जण खेळत होतो. माझ्या आधी एकवीस जणांनी 'लगेच बोलावली' असे लिहून दिल्याचे मला बाहेरच्या बाकावर कळले. त्यामुळे मला थोडे मागे जाऊन सांगावे लागेल.

यंदाच्या आंतरराष्ट्रीय रग्बी स्पर्धेत वादळामुळे तीन सामने रद्द झाले. त्यांतला एक निळा संघ विरुद्ध पिवळा संघ असा होता. आपल्या देशाचा संघ त्या स्पर्धेत नव्हता. पात्रता फेरीतच त्याचे बारा वाजले होते. तरीही आमच्या मंडळात निम्मे लोक निळ्यांचे आणि निम्मे पिवळ्यांचे आहेत. का, ते कोणालाच सांगता येणार नाही. कोणाला गणवेश आवडला, कोणाचा साडू दुसऱ्या बाजूला होता. त्या देशात आमच्यापैकी एकानेही पाय ठेवलेला नाही.

स्पर्धेचा नियम असा की रद्द झालेला सामना शून्य-शून्य बरोबरीत धरायचा आणि दोघांना दोन-दोन गुण द्यायचे. पिवळ्यांना पुढच्या फेरीत जायला बरोबरी पुरेशी होती, निळ्यांना जिंकणे भाग होते. सबब पिवळे पुढे गेले आणि निळे घरी. ते खेळाडू विमानात बसून आपापल्या बायकामुलांकडे गेले. भांडण आमच्याकडे राहायला आले. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, त्यातला प्रकार. येथे हवालदारांनी मुद्द्याचे बोलण्यास सांगितले. मुद्दा हाच आहे, असे मी म्हणालो.

निळ्यांचा म्होरक्या 'कर्नल'. हा गृहस्थ विमा कार्यालयात कारकून आहे. लष्कराशी त्याचा संबंध मिशांपुरता. पिवळ्यांचा म्होरक्या 'दातवाला', म्हणजे दातांचा डॉक्टर. मंडळाची खोली एकच, हार्डवेअरच्या गोदामावर. पिवळ्यांनी तिथे भिंतीवर 'विजयी' असे कापड लावले. निळ्यांनी त्याच्यावर सतरंजी टांगली. पुढचे तीन आठवडे कर्नल आणि दातवाला एकमेकांशी बोलले नाहीत. दोघांना काही सांगायचे असले की ते भिंतीकडे बघून सांगत. वये अनुक्रमे ५४ व ५१.

मी स्वतः निळा. माझी दाढ किडली होती म्हणून मी दातवाल्याकडे गेलो, कारण या भागात दुसरा नाही. अर्धी दाढ कोरून झाल्यावर त्याने यंत्र बंद केले आणि विचारले, "काटा, एकदा मान्य कर. नियम म्हणजे नियम ना?" माझ्या तोंडात कापूस होता. मी खुर्चीवरून उतरलो आणि तसाच कापूस घेऊन घरी आलो. ती दाढ अजून तशीच आहे. आपण किती मूर्ख होतो हे कळावे म्हणून सांगितले.

शेवटी दोन्ही बाजूंनी ठरवले की रद्द झालेला सामना आपणच खेळायचा. अकरा विरुद्ध अकरा, कारण पंधरा माणसे जमेनात. अर्ध्या तासाचे दोन डाव, कारण चाळीस मिनिटे धावण्याची कोणाची ताकद नव्हती. रीतसर कागद केला. त्यावर पाच अटी आहेत व बावीस सह्या आहेत. कागद मी आज सोबत आणला असून हजर करतो. अट क्रमांक चार अशी: 'हा सामना कोणत्याही कारणाने मध्येच थांबणार नाही. शिट्टी वाजण्याआधी जो संघ थांबेल तो हरला असे धरले जाईल.' ही अट मी सुचवली. त्या वेळी माझ्यासाठी टाळ्या वाजल्या, निळ्यांनी आणि पिवळ्यांनीही.

आपल्या माहितीसाठी: रग्बीत माणूस पडला म्हणून खेळ थांबत नाही. औषधवाला आत येतो आणि खेळ त्याच्या आजूबाजूला चालू राहतो. थांबवायचा अधिकार फक्त रेफरीच्या शिट्टीला. हे आम्हाला तोंडपाठ होते. रेफरीच पडला तर काय, हे आम्ही कागदात घातले नव्हते. बावीस दीडशहाण्यांपैकी एकालाही ते सुचले नाही.

रेफरी म्हणून दाजींशिवाय कोणावर विश्वास नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती आणि धावू नका असे डॉक्टरांनी बजावले होते. कर्नल म्हणाला, "काटा, तुझेच दाजी. तूच गळ घाल." गुरुवारी मी ताईकडे गेलो. ताई स्वयंपाकघरात कपड्यांच्या घड्या करत होती. तिने दाजींची शिट्टी लोणच्याच्या बरणीमागे लपवून ठेवली आहे हे मला माहीत होते, आणि मला माहीत आहे हे तिलाही ठाऊक होते. ती म्हणाली, "तुम्हा लोकांना अक्कल कधी येणार रे?" दाजी म्हणाले, "अगं, मी चालत चालत करतो. धावायला कोण सांगतंय?" ते हसत होते. दोन वर्षांत त्यांना कोणी कशासाठी बोलावले नव्हते.

ताईने शिट्टी काढून पुसली आणि दाजींच्या हातात न देता माझ्या हातात दिली. म्हणाली, "तुझ्या भरवशावर पाठवतेय. तू आत असशील ना? मग लक्ष ठेव." मी म्हणालो, "ठेवतो गं."

रविवारी साडेतीन वाजता सामना सुरू झाला. मैदानाच्या शेडवर भिंतीचे घड्याळ आहे. ते मी बसवले आहे, दर महिन्याला मीच तपासतो आणि ते चुकत नाही. खेळाबद्दल सांगण्यासारखे काही नाही. गाढवांचा गोंधळ आणि लाथांचा सुकाळ. दातवाल्याचा सदरा पोटावर अडकला होता. कर्नल मागे उभा राहून हुकूम सोडत होता आणि चेंडू जवळ आला की त्याच्या पायात गोळा येत होता. पहिला डाव शून्य-शून्य. दहा मिनिटे विश्रांती. ४ वाजून १० मिनिटांनी दुसरा डाव. ४ वाजून २० मिनिटांनीही शून्य-शून्य. म्हणजे वादळाने फुकटात लावलेला निकालच आम्ही धापा टाकून पुन्हा लावला होता.

४ वाजून २२ मिनिटांनी मला धक्का लागून मी पाठीवर पडलो. उठताना सवयीने घड्याळ बघितले, म्हणून वेळ नक्की आहे. घड्याळाखाली, माझ्यापासून अंदाजे पंधरा पावलांवर, दाजी एका गुडघ्यावर बसले होते. एक हात जमिनीवर होता. मला वाटले बुटाची नाडी बांधत आहेत. मी उठून चेंडूमागे पळालो.

त्यानंतर शिट्टी वाजली नाही. तीन वेळा चेंडू हाताने पुढे फेकला गेला, जे नियमात बसत नाही, तरी वाजली नाही. एकदा चेंडू रेषेबाहेर गेला. तो दातवाल्याने परस्पर आत आणला, तरी वाजली नाही. आम्हाला वाटले, दाजी आज सैल सोडत आहेत. आम्ही खूश होतो. कोणीतरी ओरडले, "वा दाजी, याला म्हणतात रेफरी!" कोण ते मी पाहिले नाही. आवाज आमच्या बाजूचा होता.

या काळात दाजी कुशीवर आडवे झाले होते. ते कोणाला दिसलेच नाहीत असे जबाबात आले असेल, तर ते खोटे आहे. मैदान सपाट आहे. स्क्रम म्हणजे दोन्ही बाजूंनी माना खाली घालून एकमेकांना रेटणे, ते एकदा त्यांच्यापासून चार पावलांवर झाले. स्क्रम मोडल्यावर दोघे जण त्यांना वळसा घालून गेले. वळसा घालणाऱ्याला दिसलेले असते. पण अट क्रमांक चार होती. जो आधी थांबेल तो हरणार होता, आणि तीन आठवड्यांच्या भांडणानंतर हरायला कोणी तयार नव्हते.

४ वाजून ३१ मिनिटांनी निळ्यांचा ट्राय झाला. चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे टेकवला की ट्राय. ट्राय झाल्यावर रेफरी शिट्टी वाजवून हात वर करतो. हात वर झाला नाही. पिवळे म्हणू लागले, शिट्टी नाही म्हणजे ट्राय नाही. निळे म्हणू लागले, शिट्टी नाही म्हणजे खेळ चालू आहे, चेंडू टेकला आहे, तुम्ही थांबलात, म्हणजे तुम्ही हरलात. यावर अंदाजे दोन मिनिटे वाद झाला. मग चार-पाच जण दाजींकडे गेले. मदतीला नाही. निकाल विचारायला गेले.

४ वाजून ३३ मिनिटांनी दातवाल्याने दाजींच्या मानेला हात लावला. त्यानंतर रुग्णवाहिका बोलावली. शिट्टी त्यांच्या दातांत घट्ट होती, ती दातवाल्याने काढली. त्यांनी वाजवायचा प्रयत्न केला होता का, हे मला सांगता येणार नाही. रेफरीच्या रीतीप्रमाणे त्यांच्या मनगटावर दोन घड्याळे होती. दोन्हींचे सेल मी शुक्रवारी बदलले होते. दोन्ही चालू होती.

रुग्णालयाच्या डॉक्टरांनी ताईला विचारले, "पडल्यापासून किती वेळ गेला?" ताईने माझ्याकडे बघितले. मी म्हणालो, "लगेच आणलं." डॉक्टर म्हणाले, वेळेत छाती दाबली असती तर आशा होती, आणि आत गेले. त्याच वेळी कर्नल मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "ते नंतर बघू, पण ट्राय धरायचा की नाही?" त्याला तेव्हाच झापायला हवे होते.

आज सकाळी ठाण्याबाहेरच्या बाकावर कर्नल आणि दातवाला मांडीला मांडी लावून बसले होते. एकमेकांचे चहाचे पेले धरत होते. दातवाला म्हणाला, "एक-दोन मिनिटं म्हणून सांगायचं ठरलंय. तूही तेच सांग." कर्नल म्हणाला, "तुझ्या ताईलाच बरं वाटेल. उगीच तिच्या जिवाला घोर कशाला?" रद्द झालेल्या सामन्यावर ज्यांचे एकमत झाले नाही, त्यांचे यावर झाले. मी या दोघांची तोंडे बघितली आणि माझे तोंड कसे दिसत असेल ते मला कळले. म्हणून मी तसे सांगत नाही. दाजी ४ वाजून २२ मिनिटांनी पडले. ४ वाजून ३३ मिनिटांपर्यंत त्यांना कोणी हात लावला नाही.

हवालदारांनी टेबलावर ठेवलेले बूट दाखवून हे मयताचे का असे विचारले. होय. शस्त्रक्रियेनंतर दाजींना वाकता येत नव्हते म्हणून मी त्यांना हे बूट आणून दिले होते. यांना नाडी नाही, पट्टे आहेत. हे मला माहीत होते.

४ वाजून ३१ मिनिटांचा ट्राय कोणी केला असे विचारता सांगतो की, तो मी केला. चोवीस वर्षे खेळ बघून आयुष्यातला पहिला. चेंडू टेकवून मी मागे वळलो, तेव्हा सगळ्यात आधी मला आडवे पडलेले दाजी दिसले. मी त्यांच्याकडे बघून ओरडलो. काय ओरडलो असे विचारता सांगतो की, "दाजी, हात वर करा ना!" असे ओरडलो. दोनदा.

ताईला हे मी अजून सांगितलेले नाही. या जबाबाची नक्कल तिला मिळावी, अशी माझी विनंती आहे.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे लिहिला आहे. वाचताना ४ वाजून २२ आणि ४ वाजून ३३ या दोन वेळांपाशी ते थांबले आणि काही बदलायचे आहे का, असे त्यांनी विचारले. नाही. वेळा बरोबर आहेत.