‘बघू’ म्हणजे नेमकं काय

माननीय अध्यक्षसाहेब, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, व्यापार मंडळातले अधिकारी-कर्मचारी, पंख्याखालची जागा पटकावलेली भाग्यवान मंडळी आणि तिसऱ्या रांगेतल्या माझ्या मामी, सर्वांना नमस्कार.

आज निवृत्त होणारे आपले व्यापार प्रतिनिधी हे माझे मामा. मी कॉलेज अर्धवट सोडून देशोदेशी भटकले, चार भाषा मोडक्यातोडक्या शिकले, म्हणून प्रदर्शनांत त्यांनी मला दुभाषी केलं. वशिला म्हणा हवं तर. आणि प्रदर्शन म्हणजे तरी काय? जाल तिथे तोच राखाडी गालिचा, तीच अवघडून टाकणारी उंच स्टुलं, तीच गार कॉफी. एकदा तर त्या गालिच्याखाली... पण ते राहू द्या.

सांगायचं होतं कुलपांचं. आपल्या एका कुलूपवाल्या कारखानदाराला परदेशी पाहुण्यांनी विचारलं, "निम्म्या भावात द्याल?" तो हसून म्हणाला, "बघू." मी इमानेइतबारे सांगितलं, "विचार करतो म्हणतात." पाहुणे खूश! हात मिळवले, फोटोसुद्धा काढला. मामांनी मला कोपराला धरून पडद्यामागे नेलं.

"अगं शहाणे, 'बघू' म्हणजे 'नाही'!"

"मग सरळ 'नाही' का म्हणत नाही तो?"

"'नाही' म्हटलं की दार बंद. आपलं काम दार नुसतं लोटून ठेवायचं."

मग पाहुण्यांची समजूत काढत ते संध्याकाळपर्यंत उभे. चेहऱ्यावर हसू, आणि टेबलाआड सुजलेली टाच बुटातून बाहेर काढलेली.

हाच शब्द घरीही यायचा. मामी फोनवर विचारायच्या, "लेकीच्या निकालाला येताय ना?" "बघू." "तुमच्या आईंना दवाखान्यात ठेवलंय हो." "बघू." लेक शिकून नोकरीला लागली. आजी तर गेलीसुद्धा.

आता मघाची गोष्ट. अध्यक्षसाहेब, आपण मोठ्या मनाने जाहीर केलंत, की मामांनी सल्लागार म्हणून आणखी दोन वर्षं दौरे करावेत. मामा म्हणाले, "बघू." सभागृह टाळ्यांनी दणाणलं! साहेब, हयात व्यापारात घालवून तुम्हीही माझ्यासारखेच फसलात? पण माझी पंचाईत पुढेच आहे. सकाळी मामींनी विचारलं होतं, "आता तरी घरी राहणार ना?" तेव्हाही उत्तर तेच: "बघू." मग 'नाही' ते नक्की कुणाला? मघाशी मामींनी टाळ्या वाजवल्या नाहीत. पर्स घट्ट धरून बसल्यात.

मामा, एकाला तरी आज स्पष्ट सांगा. हसू नका, हे पाहुण्यांसाठीचं हसू मी ओळखते. काय म्हणालात? जरा माईक द्या हो त्यांना.

"दमलो गं. घरी जातो."

अध्यक्षसाहेब, याला दुभाषी लागत नाही. टाळ्या नकोत, खरंच नकोत. त्यांना बसू द्या जरा.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. मानपानात काही उणं-अधिक झालं असेल तर पदरात घ्या. मामांनी कधी कुणाचा मान चुकवला नाही, घरच्यांचा सोडून.

मामी, वर या. त्यांच्याशेजारची ती खुर्ची माझी आहे. मी खाली बसते.