बंद लाइनीवरचं बोलणं

मी बोरीची. जिंतूर तालुक्यातलं बोरी, गाव मोठं हाय, पण आमचं घर बौद्धवाड्यात, दोन खोल्यांचं. वडील शाळेत शिपाई व्हते, आई रोजानं कापूस वेचायला जायची. वडलांचं एकच म्हणणं, पोरी, तू खुर्चीवर बसून काम करायचं. म्हणून जिंतूरला बी.ए. करू दिलं मला, रोज एसटीनं जायचं, एसटीनं यायचं, कधी जागा मिळायची, कधी दाराजवळ लटकत. लग्न परभणीत झालं, माझ्या लेकीचे, पूजाचे पप्पा वायरमन हायेत, माणूस चांगला. पूजा बालवाडीत जायला लागली आन् मला कामाची खबर लागली, की जिंतूर रोडला एक कंपनी निघालीय, शेतकऱ्यांना मोबाइलवर सल्ला देती, तिथं बायका पाहिजेत फोनवर बोलायला. आता ती इमारत रस्त्यानं जाताना दिसली ना, तर मी तोंड दुसरीकडं करते. घाण वाटती, खरंच सांगते.

मुलाखतीला गेले तर मी आपली पुस्तकातलं बोलायले, नमस्कार, माझं नाव रेखा, असं. समोर जाधव सर व्हते, आमचे मॅनेजर, परभणीचेच, साधा माणूस. ते हसले, म्हणले, ताई, घरी सासूबाईशी बोलता तसं बोला की. मग बोलले. लगेच घेतलं. नंतर पुण्याहून मालक आले, आमी त्यांना मोठे साहेब म्हणायचो, तरणे व्हते, पण मोठे साहेब. ते म्हणले, ही बोली हाच आपला माल हाय. मला तवा लय बरं वाटलं हो. आजपर्यंत आमच्या बोलीला लोक हसलेच व्हते, कॉलेजात मास्तर हसायचे, अन् हा माणूस म्हणायलाय की हा माल हाय. तवा कळलं न्हाई, की माल म्हणलं की तो इकला जातो.

पण काम चांगलं व्हतं, हे मी खोटं बोलणार न्हाई. कानाला हेडफोन लावायचा, शेतकऱ्याचा फोन आला की तो म्हणणार, ताई, कापसाची पानं लाल पडायलीत. आमी इचारायचं किती दिस झाले, पाणी साचलंय का, मग आतल्या खोलीत शेतीचे शिकलेले पोरं बसलेले, त्यांना इचारून सांगायचं. वर्षाचे पैसे भरून घ्यायचे, त्याला प्लॅन म्हणायचे, तो इकायचं कामबी आमचंच. माझ्या शेजारी नसीमा बसायची, दर्ग्याच्या तिकडं राहायची, तिचा आवाज असा गोड की शेतकरी फोन ठेवायचेच न्हाईत. आमी दोघी डब्बा वाटून खायचो. मजेत चाललं व्हतं. एखादा म्हातारा सांगायचा, ताई, तुमी सांगितलं तसं केलं, सोयाबीन वाचलं. त्या दिवशी भाकर गोड लागायची.

मग बिघडायला लागलं, कसं बिघडलं ते आमाला काय मालूम. आदी पगार उशिरा, मग अर्धा, मग न्हाईच. आतल्या खोलीतले शिकलेले पोरं एकेक करून निघून गेले, त्यांना दुसरीकडं नोकऱ्या मिळाल्या. मग शेतकऱ्याला सांगायचं काय? मोठे साहेब कॉम्प्युटरवर दिसायचे, पुण्याहून, मागं पुस्तकांचं कपाट, म्हणायचे, आपण कंपनी न्हाई, आपण कुटुंब हावोत, कुटुंबावर संकट आलं की कुणी पळतं का? अन् टाळ्या वाजवायला लावायचे. पगार न्हाई अन् टाळ्या वाजवा. आमी वाजवायचो हो, काय सांगू तुमाला, ढोरासारखं वाजवायचो. नसीमा माझ्या कानात म्हणायची, रेखा, या कुटुंबाचा बाप दुसऱ्याच घरी जेवायलाय.

अन् मग तो दिवस आला. जाधव सर सकाळी आले, डोळे सुजलेले, म्हणले, बाहेरून पाहुणे यायलेत, मोठ्या कंपनीचे, त्यांना आपली कंपनी आवडली तर ते पैसे टाकणार, समदं सुरळीत व्हनार. समद्यांनी कंपनीचे टी-शर्ट घाला. मी म्हणलं, सर, पण फोन तर बंद हायेत. खरंच बंद व्हते, बिल भरलं नव्हतं म्हणून लाइन तोडली व्हती, आमी नुस्तं येऊन बसायचो. सर म्हणले, बंद असले तरी बोलायचं. मी म्हणलं, कुणाशी? ते म्हणले, कुणाशीबी न्हाई, नुस्तं बोलायचं, पाहुणे निघून जाईपर्यंत.

मी उठले. म्हणलं, मला न्हाई जमणार हा तमाशा. तर तो माणूस, माझ्यापेक्षा वयानं मोठा, समद्यांपुढं माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. म्हणला, ताई, तुमच्या पाया पडतो, घराचे हप्ते थकलेत, ह्या समद्या पोरींकडं बघा. मी बघितलं तर समद्या माझ्याकडंच बघायल्या. कुणाचा नवरा बसून हाय, कुणी एकटीच घर चालवती. नसीमा म्हणली, बस रेखा. आपल्यापायी यांचं काम जाऊ नये. मी बसले. काय करणार?

पाहुणे आले. दोन माणसं अन् एक बाई. मोठे साहेब स्वतः पुण्याहून आलेले, त्यांच्या मागं मागं, हसत. अन् आमी समद्या सुरू झालो. हां बोला दादा, कोणतं गाव, फवारणी कधी केली. कानात काहीच न्हाई, भिंतीला कान लावल्यासारखं नुस्तं सुनं, अन् आमी हसायलाव, हो का मावशी म्हणायलाव. मी मघा म्हणलं ना, माझ्या बोलीला बरं म्हणलेलं मला आवडलं व्हतं, ती माझी बोली, माझ्या आईची बोली, मी ती हवेत सांडायले. 

साहेबांनी बरोबर माझ्यापाशीच आणून उभं केलं त्यांना. म्हणले, ही आमची बोरीची ताई, शेतकरी हिच्या शब्दावर चालतात. ती पाहुणी बाई माझ्याकडं वाकली, म्हणली, मला ऐकता येईल का थोडं? साहेबांचं हसू तिथंच थिजलं. जाधव सर भिंतीला टेकले. मी हेडफोन काढला अन् तिच्या हातात दिला. मला वाटलं, चला, आता काय व्हायचं ते व्हईल, खोटं तरी संपेल.

तिनं कानाला लावला. ऐकलं. माझ्याकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं. अन् म्हणली, व्हेरी गुड. कीप इट अप. हेडफोन माझ्या टेबलावर ठेवला अन् पुढं गेली.

तिला कळलं व्हतं हो. समदं कळलं व्हतं. तिला त्याचं काहीच नव्हतं. नंतर जाधव सरांनीच सांगितलं, की त्यांना नुस्तं कंपनीचं मोबाइलवरचं ॲप पाहिजे व्हतं, माणसं त्या सौद्यात नव्हतीच, अन् मोठ्या साहेबांना हे पहिल्यापासून ठाऊक. कंपनी चालू हाय असं दाखवून भाव वाढवायला आमाला बसवलं व्हतं, दुकानात काचेमागं बाहुल्या बसवतात तसं. मी संडासात गेले अन् उलटी केली. नसीमा पाठ चोळायली अन् रडायली.

सौदाबी झाला न्हाई शेवटी, भाव जमला न्हाई म्हणं. तर दुसऱ्या आठवड्यात वरून हुकूम आला, की सगळ्यांनी आपापल्या मोबाइलवरून फोन लावा, वर्षाचे प्लॅन इका, जेवढे इकता येतील तेवढे. सल्ला द्यायला कुणी न्हाई अन् प्लॅन इका! जाधव सर मान खाली घालून सांगायले. मी म्हणलं, सर, मागं तुमी हात जोडले म्हणून बसले, आज पाया पडलात तरी न्हाई. माझ्यामागं नसीमा उठली, मग एकेक करून समद्या. काही पोरी राह्यल्या बसून, त्यांना मी नाव ठेवत न्हाई, त्यांचं त्यांना माहीत. पुढं प्रकरण कोर्टात गेलं, कंपनी दिवाळखोरीत निघाली, कोर्टाचा एक साहेब आला, कुलूप लावून गेला. आमचे पगार? रांगेत हायेत म्हणं, बँका आमच्या पुढं उभ्या.

अन् मग बोरीच्या बाजारात काय झालं सांगते. माहेरी गेले व्हते, भाजी घ्यायले, भाव इचारला. भाजीवाली बाई एकदम हात थांबवून म्हणली, तुमी फोनवरच्या ताई ना? आवाज वळखला मी. तिनं माझ्याकडूनच प्लॅन घेतला व्हता, आदी, समदं चांगलं असताना. म्हणली, शेतात अळी पडली, कितीदा फोन लावला, कुणी उचलला न्हाई. मला वाटलं, धरणी फाटली तर बरं. मी तिथंच तिच्याशेजारी बसले, समदं सांगितलं. बाजारातले चार लोक ऐकायले. तिनं ऐकून घेतलं, मग म्हणली, बाई, तुमचं काही असू द्या, मी पैसे कंपनीला दिले नव्हते, तुमच्या बोलण्याला दिले व्हते. एवढंच. शिवी दिली असती तर मी झेलली असती.  भाजी घेऊन मी तशीच घरी आले, आईनं इचारलं काय झालं, मी भाजी निवडायला बसले.

मागच्या महिन्यात जाधव सरांचा फोन आला. मोठे साहेब नवीन कंपनी काढायलेत, नाव दुसरं, गाव दुसरं, अन् त्यांनी बोरीच्या ताईला बोलवा म्हणलंय. मी म्हणलं, सर, तुमी चाललात का?  ते म्हणले, हप्ते हायेत ना ताई.  त्यांच्या लेकराबाळांचं चांगलं व्हवो. पण मी न्हाई गेले.

आता मी इथंच परभणीत कापडाच्या दुकानात उभी राहते दिवसभर. खुर्ची न्हाई, वडील असते तर नाराज झाले असते. पाय दुखतात. नसीमा शिवणकाम करती, दुपारी येती, आमी अजूनबी डब्बा वाटून खातो. गिऱ्हाईक इचारतं, ताई, ह्याचा रंग जाईल का? मी म्हणते, जाईल. मालक चिडतो माझ्यावर, काढून टाकीन म्हणतो. काढू द्या. गिऱ्हाईक मात्र परत येतं.