फुंकायची नोकरी

...नाही, नाही, जिना चढताना मला मुळीच थांबावं लागत नाही — तुझ्या बापाला सांग, थोरल्या भावाची एवढी काळजी नको म्हणावं. आणि त्यासाठी तुला धाडलं? काकाला उद्या तुझ्या इस्पितळात तपासायला ने म्हणून? मी येणार नाही. तिथे तू करतेस काय, तर माणसांना नळीत फुंकायला लावतेस! फुंका, फुंका, अजून जोरात फुंका — अगं, फुगेवालाही हेच करतो, तो निदान स्वतः फुंकतो! शरीरक्रियाशास्त्र घे असं मीच सांगितलं होतं ना? होतं. पण कशासाठी? प्रयोगशाळेत बसशील, एखादा प्रश्न जन्मभर कुरतडशील, म्हणून. तर पदवी मिळाली रे मिळाली की तू इस्पितळात उमेदवारीला — मग तिथली परीक्षा, मग श्वसनविभागातली नोकरी, पांढरा कोट — धड डॉक्टर नाहीस, धड नर्स नाहीस. लोक हाक काय मारतात? 'ओ नळीवाल्या बाई'? हसतेस काय! मला सगळे 'सर' म्हणायचे. जन्मभर प्रयोगशाळेत मी आणि बेडकाच्या मांडीचा स्नायू — संसारच म्हण ना आमचा. आता, एखाद्या आजारी माणसाला त्याचा कधी उपयोग झाला का... असो. उपयोग हा शब्दच बाजारू. आहे ना? की मीच आपलं...

उशा? हो, तीन घेतो. आडवं पडलं की दम लागतो म्हणून नव्हे, वाचायला बरं पडतं. दिवा बंद करूनही घेतो, मग? विचार करायला बरं पडतं! त्यातल्या दोन तुझ्या काकूच्या, नुसत्या पडून होत्या —

नाडी बघतेस? बघ बापडी. घोड्यासारखी आहे. ही विद्या मला नको दाखवूस, मी पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवायचो — रोग्याचा श्वास मोजायचा तर त्याला कळू देऊ नका, कळलं की तो लबाडी करतो, शहाण्यासारखा श्वास घ्यायला लागतो. म्हणून मनगट धरायचं, नाडी बघतोय असं भासवायचं, आणि नजर मात्र —

तू छातीकडे का बघतेस माझ्या?

सोड हात. सोड म्हणतो ना, पोरी.

किती भरले श्वास?