हौसाबाईनं कबुली दिली नाही

हां, मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. मृदंगबुवा, घाम पुसा. आता एक प्रश्न विचारतो आणि उत्तर खरं द्यायचं, देवळात बसलाय! आज दिवसभरात खोटं कोण कोण बोललं? करा हात वर!

एकही हात नाही? वा! सगळं गाव सत्यवचनी! बरं, मग दुसरा प्रश्न. फोनमध्ये नवीन काही घेताना खाली बारीक अक्षरात येतं — 'मी सर्व अटी वाचल्या आहेत आणि त्या मला मान्य आहेत.' त्यावर बोट कोणी ठेवलंय? — बघा, बघा, झाल्या माना खाली! वाचल्या होत्या का अटी? सरपंच, तुम्ही वाचल्या होत्या? अहो, त्या कागदावर उतरवल्या तर या मंडपाला सतरंजी होईल! लिहिणाऱ्यानं तरी परत वाचल्या असतील का, शंका आहे. आणि आपण बिनदिक्कत सांगतो, वाचल्या म्हणून!

का सांगतो? समोर माणूस नसतो म्हणून! सोनाराच्या दुकानात, मामलेदारापुढं असं बोलायला जीभ अडखळेल. पण समोर नुसती काच! काचेला काय कळतंय, असा आपला हिशेब. तर मंडळी, आजचं आख्यान याच प्रश्नाचं आहे. समोर माणूस नसताना दिलेला शब्द, तो शब्द असतो का? आणि तो खोटा दिला तर आपलं काही जातं का? तुम्ही मनात म्हणताय, 'महाराज, एवढ्याशा टिचकीचं काय घेऊन बसलात!' ठीक आहे. ऐका आता.

कऱ्हाडच्या खालच्या अंगाला तांबेवाडी म्हणून गाव. तिथं हौसाबाई डुबल राहते. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणारी बाई! गावातलं निम्मं तरुण रक्त तिच्या पायांवर पालथं पडून मोठं झालेलं. मोरीत पाट घ्यायची, पाय लांब करायची, बाळ पायांवर घ्यायची. आधी तेल जिरवायचं, मग डाळीचं पीठ, मग अंगाला सोसेल असं ऊन पाणी तांब्या-तांब्यानं. शेवटी शेगडीत ओवा टाकून जराशी धुरी. आता बाळ रडतं की नाही? रडणारच! बोंबलून गाव गोळा करतं! आणि मग दुपट्यात गुंडाळलं की असं झोपतं, की आयाच घाबरून नाकापुढं बोट धरून बघतात.

हौसाबाईचा नवरा रंगनाथ, एसटीत कंडक्टर. बोलायला कमी, पण आवाज असा की शेवटच्या बाकापर्यंत पोचावा. बाईला अक्षरओळख जेमतेम, म्हणून हा गडी रोज सांजेला फोनवर बोलून निरोप पाठवायचा — 'हौसा, गाडी फाट्यावर आली. भाकरी टाक.' बस्स! प्रेमाचं बोलणं म्हणाल तर एवढंच. निवृत्ती जवळ आली आणि रंगनाथ एका दुखण्यात गेला. मागं राहिले ते निरोप. हौसाबाई काय करायची? सांजेला पीठ मळताना फोन चुलीपासल्या कोनाड्यात ठेवायची आणि त्यातला एक निरोप लावायची. 'हौसा, गाडी फाट्यावर आली.' मग तवा ठेवायची. कुणी हसलं तर हसू द्या, ती एकटीची दोघं व्हायची तेवढ्यापुरती.

फोन जुना झाला, नवा आणला. मुलगा विक्रांत पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. शहाणा पोरगा. त्यानं एका मोठ्या कंपनीकडं आईच्या नावाचं खातं उघडलं, सगळे आवाज, सगळे फोटो तिथं ठेवले आणि म्हणाला, "आई, आता फोन विहिरीत पडला तरी काळजी नाही. सगळं वर ढगात आहे."

हौसाबाई म्हणाली, "ढगात? आन् त्यो ढग कुनाचा?"

बघा! अडाणी बाईनं विचारलं, ढग कुणाचा! तुम्ही-आम्ही विचारलं कधी? मंडळी, ढग-बिग काही नसतं. ते दुसऱ्याचं कपाट असतं! लेकराचा पहिला दात, बापाचा आवाज, लग्नातली मावशी, सगळं आपण त्या कपाटात ठेवतो. आणि किल्ली कुणाकडं? त्याच्याकडं! वर म्हणतो, फुकट आहे! या कंपन्यांचं मला कौतुक वाटतं हो. पूर्वी फोनची बॅटरी नखानं निघायची, आता दुकानदारालासुद्धा निघत नाही. खोक्यातला चार्जर काढून घेतला, म्हणे झाडं वाचतात! उद्या फोनही काढतील, नुसतं खोकं देतील, आणि आपण पहाटेपासून रांग लावू! विणेकरी, तुम्ही हसू नका, तुमचा हप्ता चालू आहे मला ठाऊक आहे.

असो. विक्रांतला मुलगी झाली. सून मृणाल, तिला आई नाही, म्हणून बाळंतपणाला तांबेवाडीलाच आली. आजीनं नातीला पायांवर घेतलं. मृणालच्या मैत्रिणी पुण्यामुंबईच्या, त्यांना हे कुठलं बघायला मिळायला! 'अगं, व्हिडिओ टाक ना!' म्हणून मागं लागल्या. मृणालनं सासूच्याच फोनवर काढला आणि सासूच्याच नावानं, त्याच कंपनीच्या खात्यावर चढवला. आजी पाणी ओततेय, पोरगी टाहो फोडतेय, शेगडीचा धूर निघतोय, आणि मागून आई हसतेय — 'बघा आमची रडूबाई!'

झालं! दुसऱ्या सांजेला हौसाबाईनं पीठ मळायला घेतलं, कोनाड्यातला फोन दाबला, तर आवाज नाही! फोटो नाहीत! नुसती तांबडी पट्टी. विक्रांत सुट्टी काढून घरीच होता. त्यानं वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"काय लिवलंय रं?"

"काही नाही, आई."

"काय लिवलंय?"

"लिहिलंय... बालकाशी क्रूर वर्तन केल्याबद्दल तुमचं खातं बंद करण्यात आलं आहे."

मंडळी! अख्ख्या गावाची लेकरं जिनं न्हाऊ घातली, तिला! हौसाबाई पिठाच्या हातानं तशीच बसून राहिली. त्या सांजेला घरात भाकरी झाली नाही. आणि पुढचं ऐका. सकाळी नातीला पायांवर घेतलं आणि तांब्या उचलला आणि तसाच खाली ठेवला! जन्मात कधी ठेवला नव्हता. तिनं खिडकीकडं बघितलं, कुणी बघतंय का म्हणून. लक्षात येतंय का, खोट्या आळाचं विष कसं चढतं? ज्याच्यावर आळ येतो तोच आपल्या हाताकडं संशयानं बघायला लागतो.

विक्रांतनं कंपनीला लिहिलं. ही माझी आई, ते माझं मूल, ही आमच्याकडची रीत. डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर आलं — 'आम्ही तुमचं म्हणणं काळजीपूर्वक तपासलं आहे. निर्णय कायम.' काळजीपूर्वक! अहो, तेवढ्या वेळात मला शिंकसुद्धा येत नाही!

हौसाबाई म्हणाली, "मला घिऊन चल तितं. माझं त्वांड बगून बोलू दे त्यास्नी."

पोरानं समजावलं, असं जाता येत नाही. ती ऐकेना. गेले पुण्याला. ती काचेची इमारत! आभाळ तिच्यातच दिसावं एवढी! दारावर पहारा. तासभर उभं राहिल्यावर गळ्यात पट्टा घातलेला एक तरुण बाहेर आला. पोरगा भला होता, उगाच का खोटं बोलू! हौसाबाईला सावलीत बसवलं, पाणी दिलं.

"मावशी," तो म्हणाला, "माझ्या हातात काही नाही. खरं सांगू का? तुमचा व्हिडिओ इथं कुणी बघितलेलाच नाही. निर्णय यंत्रानं घेतलाय."

"आन् आमी अर्ज केला त्यो?"

"तोही यंत्रानंच वाचला."

"मग आता?"

"आता एकच वाट आहे. एक पान येईल फोनवर. त्यात लिहिलेलं असेल, 'बालकाशी क्रूर वर्तन झाले हे मला मान्य आहे, पुन्हा करणार नाही.' त्यावर टिचकी मारायची. खातं परत चालू. सगळे असंच करतात, मावशी. कुणी मनाला लावून घेत नाही."

हौसाबाई उठली. पदर सारखा केला. आणि त्या काचेकडं बघून म्हणाली, "म्हंजी गुन्हा ठरवायला मानूस न्हाई. आन् कबुली मातर मानसाची पायजे व्हय?"

अहो, काय बोलली बाई! मोठमोठ्या वकिलांना सुचणार नाही! तो पोरगा खाली बघत आत गेला बिचारा.

तांबेवाडीला परतले. पान आलंच होतं. उद्या दुपारपर्यंत कबुली द्या, नाहीतर सगळं कायमचं पुसलं जाईल! विक्रांतनं फोन आईपुढं धरला.

"आई, एक टिचकी. नको तुझा हात लागायला, मी मारतो."

"नाव कुनाचं हाय त्यावर?"

"तुझंच."

"मग?"

"मग काय, आई! यंत्र आहे ते! त्याला काय कळतंय? आपण काय केलं ते आपल्याला माहीत आहे ना? गावाला माहीत आहे. मृणालला माहीत आहे."

"मला म्हाईत हाय म्हनूनच," ती म्हणाली.

तेव्हा मंडळी, पोरगा भडकला. आईपुढं आवाज न चढवणारा पोरगा! "तुझा हट्ट आहे हा! तो आवाज नुसत्या तुझ्या नवऱ्याचा नाही, माझ्या बापाचा आहे! माझ्या लेकीनं आजोबांना बघितलं नाही. तिला काय ऐकवू मी? तुझा मान?"

आता बोला! कुणाची बाजू घ्याल? पोरगा चुकला का? मला नाही वाटत. बापाचा आवाज मागत होता, दुसरं काय! हौसाबाईच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी आलं. तिला का नको होता तो आवाज? तिलाच तर सगळ्यांत जास्त हवा होता! पदरानं डोळे पुसले आणि मग तिनं पोराला एक गोष्ट सांगितली. आजवर सांगितली नव्हती.

"तू रांगत हुतास तवाची. तुज्या बाच्या गाडीतनं एक पिऊन आलेला गडी पडला. हात मोडला. सायब म्हनला, रंगनाथ, लिवून दे, गडी उतरायच्या आदी मी गाडी सोडायची घंटी दिली म्हनून. बारकी शिक्षा हुईल, परकरन मिटंल. तुजा बा म्हनला, म्या घंटी दिलीच न्हवती. सायब म्हनला, आरं, कागदावर लिवायचंय फकस्त! त्यो न्हाई म्हनला. घरी बसवला त्याला, बिनपगारी, लई दिस. मी तवापसनं लोकांची लेकरं न्हाऊ घालाया लागले. तुला दूध त्या हातानं पाजलंय, विक्रांता. आन् आता त्याच हातानं मी म्हनू, म्या लेकराचा छळ केला? आन् कशापायी? त्येचाच आवाज ऐकायपायी?" तिनं फोन बाजूला सारला. "त्यो आवाज आला तरी मला ऐकवायचा न्हाई रं. शरमेनं मरंन मी."

विक्रांतनं पाळण्याकडं बघितलं. बाळ झोपलेलं. त्यानं फोन मांडीवर घेतला आणि विचारलं, "काय लिहू सांग."

हौसाबाईनं सांगितलं आणि पोरानं लिहिलं. ऐका काय लिहिलं! 'म्या नातीला न्हाऊ घातलं. उद्याबी घालनार. छळ केला असं म्या म्हननार न्हाई. तुमच्यात कुनी मानूस असंल तर तांबेवाडीला यावं, मोरीत पाट टाकते, बसून बगावं.' पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं पुसलं गेलं.

काय मंडळी, गप्प का झालात? तुम्हाला वाटलं, महाराज आता चमत्कार सांगणार! कंपनीचा मोठा साहेब मोटारीतनं येणार, माफी मागणार, कुठल्या तरी जुन्या फोनात आवाज सापडणार! नाही सापडला. रंगनाथचा आवाज गेला तो गेलाच! मला खोटं सांगता येईल हो, पण ज्या बाईनं खोटं सांगितलं नाही तिच्या गोष्टीत मी कशाला घुसडू?

मागच्या सप्त्यात ती मला भेटली. मी विचारलं, "बाई, पस्तावा होतो का?"

"व्हतो की!" म्हणाली. "रोज सांजचं व्हतो. पीठ मळताना हात कोनाड्याकडं जातोय. पन महाराज, ह्यो पस्तावा सोसतोय मला. ती कबुली सोसली नसती." आणि पाया पडून लगबगीनं निघाली, कुणाच्या तरी घरी पाणी तापत ठेवलं होतं. तांब्या उचलताना आता खिडकीकडं बघत नाही, हेही सांगून गेली.

तर आता तुमच्याकडं येतो. सुटलो म्हणून पाय मोकळे करू नका! तुम्ही म्हणाल, आमच्यावर कुठं असला आळ आलाय? येईल! आज यंत्र आजीला क्रूर ठरवतं. उद्या तुमच्या पोराला नालायक ठरवेल, नोकरी नाकारेल. परवा तुम्हाला खोटारडे म्हणेल आणि तुमचाच पैसा तुम्हाला देणार नाही. आणि प्रत्येक वेळी खाली एक चौकोन असेल — मान्य आहे. त्या दिवशी तुमचं बोट काय करणार? रोज खोटी मान डोलवायची सवय झालेलं बोट त्या दिवशी एकदम ताठ होईल होय? नाही व्हायचं! म्हणून आजपासून विचारायला शिका. कोण म्हणतंय? नाव सांग! समोर ये!

हा बघा, गाभाऱ्यात उभा आहे. एवढा त्रैलोक्याचा धनी! त्याला लपता आलं नसतं का? काचेच्या मागं, ढगाच्या वर, कुठंही! पण नाही. विटेवर उभा राहिला, दार उघडं ठेवलं, आणि म्हणाला, या, माझं तोंड बघा, भांडायचं तर भांडा, मी इथंच आहे! युगं झाली, पाठ फिरवलेली नाही त्यानं. आपण पाप कबूल करायचं ते अशापुढं, डोळ्याला डोळा देणाऱ्यापुढं. आणि जो आपलं तोंड दाखवत नाही, त्यानं आमची कबुली मागायची नाही!

उचला टाळ. मृदंगबुवा, जोरात! आणि नाव घेताना आज माना खाली घालायच्या नाहीत, मंडळी. त्याच्या डोळ्यांत बघून घ्यायचं — विठ्ठल! विठ्ठल!