सारवलेल्या प्लॉटवरचं घर

कामरेजहून डिंडोलीकडे येताना बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर मायलेकी मोबाइलवर व्हिडिओ बघत होत्या.

"चैताली, हे घर असं सरकून राहिलं काहून?"

"मी चालत शूटिंग केलं ना, आई. आपल्या प्लॉटच्या व्हिडिओत कॉम्प्युटरवर बनवलेलं घर बसवलंय, पण ते जमिनीला चिकटतच नाही."

"मग चिकटव ना."

"त्यासाठी जमिनीवर खुणा लागतात. खडे, काड्या, कचरा. त्यांच्यावरून कॉम्प्युटर ओळखतो, कॅमेरा कुठून कुठं गेला ते. आणि तू काय केलंस?"

"शूटिंग होतं म्हणून झाडून शेणानं सारवलं. उकिरडा दाखवायचा का बाबांना?"

"एक खडा ठेवला नाहीस!"

"रविवारी तुझे बाबा प्लॉट विकायचं पक्कं करणार. उभं घर दिसलं तर थांबतील, तूच म्हणाली होतीस."

"उद्या परत शूट करू. फक्त थोडा कचरा टाकू."

"माझ्या घरात कचरा? मी नाही टाकणार."

"घर कुठंय अजून, आई?"

"खुणाच पाहिजेत ना त्याला? मग ठिपक्यांची रांगोळी काढते. चालेल?"

"ठिपके? अगं, त्याला ठिपकेच तर हवे असतात!"

"रांगोळी दारातच काढतात. दार कुठल्या बाजूला ठेवलंस, ते सांग आधी."